उन्हाळा पार पडला: सॉफ्ट कोरल टँक, मार्च ते जुलै

टँक तोच, घरातला खाऱ्या पाण्याचा, २०० लिटरचा; त्यात सॉफ्ट कोरल, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ. खाली सम्प (पाणी गाळायची जोडटाकी), खडक सगळे सिरॅमिकचे. आत कोरल असे: एक टोडस्टूल लेदर (छत्रीसारख्या टोपीचं), एक फिंगर लेदर (बोटांसारख्या फांद्यांचं), मागच्या काचेवर चढलेली जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप, चटईसारखी पसरते), मशरूम कोरलचा गठ्ठा आणि कोपऱ्यात झेनिया. तापमान २६ अंश, खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), अल्कलिनिटी (पाण्याचा पीएच सावरून धरणारी ताकद) तिच्या मापात ८ ते ९ डीकेएच. लाइटबद्दल नवीन काही नाही. सॉफ्टींना, म्हणजे सॉफ्ट कोरलांना, फार लाइट लागत नाही आणि मी त्यात हात घालत नाही.

यंदाची खरी लढाई पुण्याच्या एप्रिल-मेशी होती. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) न घेता पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके दोन छोटे पंखे लावले. हिशेब सोपा आहे: एक लिटर पाण्याची वाफ होताना एवढी उष्णता निघून जाते की २०० लिटर पाणी जवळजवळ ३ अंशांनी उतरावं. खोलीतून परत उष्णता येतच असते, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढं उतरत नाही, पण कोरड्या हवेत पंखा काम चोख करतो. ठाण्याच्या मित्राने हाच प्रयोग केला आणि काट्यावर फारसा फरक दिसेना. तिथली हवा आधीच दमट, वाफ होणार कुठून? त्याने शेवटी चिलर घेतला आणि ते बरोबरच केलं. तेव्हा मुंबई-कोकणवाल्यांनी माझं बघून पंख्यावर विसंबू नये.

पंख्याची किंमत खारटपणात मोजावी लागते. मीठ उडत नाही, फक्त पाणी उडतं. ५ लिटर उडाले की ३५ चे जवळपास ३६ पीपीटी होतात. लेदर ते सोसतं, पण रोज वर-खाली झालं की आकसून बसतं. म्हणून एटीओ (उडालेलं पाणी आपोआप भरून काढणारी सोय) हवाच, आणि भरायचं ते गोडं पाणी, मिठाचं नव्हे. एटीओची टाकी मी मुद्दाम लहान ठेवली आहे. फ्लोट (पातळी ओळखणारा तरंगता खटका) अडकलाच तरी त्यात आहे तेवढंच पाणी ओतलं जाईल.

त्या पाण्याचीही एक गंमत. मे महिन्यात सोसायटीत टँकर सुरू झाले आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) आरओनंतरही शून्यावर येईना. डीआय रेझिन (आरओनंतर उरलेले क्षार शोषणारे दाणे) बदलल्यावर आला. रेझिन संपलेलं असेल तर सिलिकेट आत येतं आणि वाळूवर तपकिरी थर धरतो. मग लोक उगाच लाइटला दोष देतात.

मेच्या मध्यावर टोडस्टूल मिटलं. एकही पॉलिप (कोरलचं फुलासारखं इवलं तोंड) बाहेर नाही, टोपीचा रंग मळकट, वर मेण फासल्यासारखी चकाकी. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या चकाकीवर हिरवट शेवाळ धरलं. नवख्या माणसाचा जीव इथेच घाबरतो आणि तो आयोडीन ओतायला, जागा बदलायला धावतो. काही करायचं नसतं. लेदर कात टाकतं. वेव्हमेकरचं (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपाचं) तोंड थोडं टोपीकडे वळवलं. दोन दिवसांनी कडेला पापुद्रा सुटला, प्रवाहात फडफडत राहिला आणि तुकड्यातुकड्याने निघून सम्पच्या सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) अडकला. खालची कातडी फिकट, स्वच्छ. संध्याकाळपर्यंत मधोमध पहिले पॉलिप उगवले होते. खरंच कुजत असेल तर ओळखू येतं: मांस लिबलिबीत होतं, तपकिरी डाग पसरतो, वास मारतो. कात टाकताना अंग घट्ट असतं.

कार्बन (पाण्यातली रसायनं शोषणारा कोळसा) मात्र त्या आठवड्यात नवा घातला. लेदर पाण्यात टर्पीन नावाची रसायनं सोडतात, शेजाऱ्यांना दूर ठेवायचं त्यांचं ते हत्यार. दोन लेदर एका छोट्या टँकमध्ये ठेवायची असतील तर कार्बनवर काटकसर नको.

झेनिया पावसाळा लागताच मुठी उघडझाप करायला लागलं. इस्रायली संशोधकांनी २०१३ मध्ये त्याच्या तांबड्या समुद्रातल्या भाईबंदांवर काम करून दाखवलं की या उघडझापीने पाणी हलतं, साचलेला ऑक्सिजन वाहून जातो आणि प्रकाशसंश्लेषण वाढतं. एवढी शक्ती खर्च करणं त्याला परवडतं ते यामुळे. माझ्याकडे नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास राहिलं की सगळेच खुशीत असतात. शून्य-शून्यचा अट्टहास सॉफ्टींना उपाशी मारतो, वर डायनोला (डायनोफ्लॅजेलेट, शेवाळासारखा चिकट तपकिरी उपद्रव) आमंत्रण.

एक विषय परत परत निघतो: मालवणहून खडक किंवा कोरल उचलून आणावं का? नाही. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडासुद्धा घरी नको. सिरॅमिकवर जीएसपी तितकीच छान पसरते.

जुलैत टोडस्टूलची टोपी फार पसरून खालच्या मशरूमवर सावली पडायला लागली, म्हणून कडेची फोड नव्या ब्लेडने कापली. हातमोजे घालून, टँकबाहेर वेगळ्या टबात. उग्र वास येतो आणि बुळबुळीत द्रव सुटतो. त्यावर ग्लू टिकत नाही. फोडी छोट्या सिरॅमिक तुकड्यांवर ठेवून वरून मच्छरदाणीची जाळी सैल बांधली. आता बहुतेक सगळ्यांनी पकड घेतली आहे. दोन फ्रॅग (हेच कापलेले तुकडे) चिंचवडला द्यायचे ठरलेत, बाकीचे ऑक्टोबरच्या उन्हाच्या आत कोणाला हवे असतील तर सांगा, बदल्यात निळे मशरूम चालतील.