जेकब वॉल्ट्झच्या नावाचा माग

आजोबांचं नाव सातबाऱ्यावर ‘गणू’ आणि मृत्यूच्या दाखल्यावर ‘गणपत’. ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र स्टॅम्प पेपरवर होईपर्यंत वारसनोंद अडून राहिली होती. ती फाइल सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. त्या वेळी जे शिकले, ते पुढे अ‍ॅरिझोनात, दीडशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन माणसासाठी वापरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आम्ही चँडलरला राहतो. स्वच्छ दिवशी पूर्वेला सुपरस्टिशन पर्वत दिसतो. त्याच्या पोटात ‘लॉस्ट डचमन’ची सोन्याची खाण आहे, असं इथे शाळकरी मुलंही सांगतात. त्या काळी अमेरिकेत जर्मन माणसालाही सर्रास ‘डच’ म्हणायचे, तोच हा डचमन. नाव जेकब वॉल्ट्झ. खाण शोधायला माणसं डोंगरात जातात, काही परतलीही नाहीत. 1931 मध्ये अ‍ॅडॉल्फ रूथ असाच गेला आणि पुढे त्याची कवटी सापडली. मला मात्र खाणीपेक्षा माणसाचाच प्रश्न पडला. कोणी त्याला वॉल्ट्झ म्हणतं, कोणी वाइझर, कोणी सांगतं की हे दोन भागीदार होते. मग हा एक माणूस की दोन?

सुरुवात चुकीची झाली. ‘जेकब’ आणि आडनाव ‘वॉ’ने सुरू होणारं जे दिसेल ते मी एकाच यादीत टाकत गेले. एका कचेरीतून पैसे भरून कागदाची प्रत मागवली. सहा आठवड्यांनी आली, आणि त्यातला जेकब वीसेक वर्षांनी लहान! चिडून पुन्हा पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. त्या रात्री यादी पुसली आणि आजोबांच्या फाइलसारखा तक्ता आखला: तारीख, गाव, सांगितलेलं वय, धंदा आणि माहिती कोणी दिली. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माणसाने स्वतः सांगितलेलं वेगळं आणि तो गेल्यावर शेजाऱ्याने सांगितलेलं वेगळं. नियम एकच ठेवला: नावाखेरीज आणखी दोन गोष्टी जुळल्या तरच दोन कागद एका माणसाचे मानायचे.

तक्त्यात पहिला पक्का कागद बसला तो 1848 चा, आणि तोही प्रतिज्ञापत्रच! त्यात त्याने आपलं वय ‘सुमारे 38’ सांगितलंय. त्या ‘सुमारे’पाशी मी बराच वेळ थांबले. आमच्या आजीलाही जन्मतारीख माहीत नव्हती, ‘प्लेगाच्या साथीनंतर दोन वर्षांनी’ एवढंच ती सांगायची. 1848 मधून 38 वजा केले की 1810 येतं. जर्मनीत वुर्टेमबर्गमध्ये सप्टेंबर 1810 मध्ये जन्मलेला एक जेकब वाल्झ आहे. त्याच्या आडनावात ‘टी’ नाही, पण तेवढ्याने मी अडले नाही. कारकुनाला ऐकू आलं तसं तो लिहिणार, आपल्याकडे ‘गणू’ झालं ते असंच. अडले ते दुसऱ्या गोष्टीवर. हा वुर्टेमबर्गचा जेकब जहाजात बसून इकडे आला, हे सांगणारा दुवाच माझ्या हाती लागला नाही. नाव आणि साल जुळलं, तिसरी गोष्ट नाही. तो रकाना पेन्सिलीतच राहिला.

पुढचा भाग सोपा गेला. 1860 च्या दशकात तो अ‍ॅरिझोनात आला. खाणकामात त्याचं फारसं नशीब उघडलं नाही. मग फिनिक्सजवळ सुमारे 160 एकर जमिनीवर शेती केली. 1891 च्या महापुरात ती शेती उद्ध्वस्त झाली, तो आजारी पडला, ओळखीच्या ज्युलिया थॉमसने त्याची शुश्रूषा केली आणि 25 ऑक्टोबर 1891 ला तो गेला. मरताना त्याने तिला खाणीचा ठावठिकाणा सांगितला म्हणतात. पुढच्याच वर्षी, 1 सप्टेंबरला, ‘अ‍ॅरिझोना एंटरप्राइझ’ने तिच्या शोधाची बातमी दिली. खाण सापडली नाही, आणि नंतर तिचे नकाशे सात-सात डॉलरला विकले गेल्याच्या बातम्या आल्या. दोष द्यावासा वाटत नाही, बाईने आजाऱ्याचं केलं होतं आणि शोधात खर्चही केला असणार.

वाइझरची ओळ शेवटपर्यंत रिकामीच. तो मला भेटला तो पुढे रंगवलेल्या गोष्टींत. वॉल्ट्झच्या हयातीतला जो कागद मी उघडला, त्यात तो नव्हता. म्हणून माझ्या तक्त्यात माणूस एकच आहे.

मागच्या डिसेंबरात फिनिक्सच्या पायोनिअर अँड मिलिटरी मेमोरियल पार्कमध्ये त्याच्या थडग्यापाशी गेले. दगडावर जन्मसाल 1808. म्हणजे त्याने स्वतः सांगितलं त्याहून दोन वर्षं आधीचं. वहीत मी ‘सुमारे 1810’ तसंच ठेवलं, शेजारी दगडावरचं साल लिहिलं. मग सवयीने पूर्ण नाव लिहायला घेतलं: जेकब, आणि त्यापुढे वडिलांचं नाव. तिथे पेन थांबलं. आपल्याकडे सातबाऱ्यावर बापाचं नाव असतं म्हणून एका गावातले चार गणपत वेगळे ओळखता येतात. याच्या वडिलांचं नाव माझ्या हाती असलेल्या एकाही कागदात नाही. मधली जागा कोरी ठेवून पुढे वॉल्ट्झ लिहिलं आणि वही मिटली.