आधी चित्रं, मग कादंबरी: तीन राज्यांची गोष्ट कॉमिकमधून वाचणाऱ्यांच्या बाजूने

'थ्री किंग्डम्स' कॉमिकमधून वाचली असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, बरं मग खरी कधी वाचणार? मला हा प्रश्न अजिबात पटत नाही आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहायचंय, कारण या गोष्टीच्या बाबतीत चित्रवाला वाचक हा मागून आलेला, शॉर्टकट मारणारा वाचक नाहीच मुळी, तो सगळ्यात जुन्या वाचकांपैकी आहे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. इ.स. १८४ मध्ये चीनमध्ये पिवळ्या फेट्यांचं बंड होतं, हान घराणं खिळखिळं होतं, सरदार एकमेकांच्या उरावर बसतात, त्यातून वेई, शू आणि वू अशी तीन राज्यं उभी राहतात आणि २८० मध्ये जिन घराणं सगळं पुन्हा एक करतं. मधली शंभरेक वर्षं म्हणजे ही गोष्ट. यावरची मोठी कादंबरी लुओ ग्वानझोंगच्या नावावर आहे, तो चौदाव्या शतकातला, आणि आज वाचतात ती १२० प्रकरणांची आवृत्ती सतराव्या शतकात माओ बापलेकांनी संपादित केलेली.

आता गंमत बघा. या कादंबरीची आज हातात असलेली सगळ्यात जुनी छापील प्रत १५२२ ची आहे. आणि त्याच्या तब्बल दोनशे वर्षं आधी, १३२१ ते १३२३ च्या दरम्यान, फुज्येन प्रांतातल्या ज्येनआन गावी यू नावाच्या छापखानेवाल्या घराण्याने याच गोष्टीचं एक पुस्तक काढलं होतं, ज्यात प्रत्येक पानाच्या वरच्या साधारण एक तृतीयांश भागात चित्रं आहेत आणि खाली मजकूर. प्रत्येक पानावर! घोडे, तंबू, दरबार, भाला उगारलेला सरदार, सगळं वर चाललंय आणि खाली त्याची गोष्ट. त्याची एकमेव प्रत आज टोकियोत जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्यातला मजकूर काही फार सुबक नाही, चुकीची अक्षरं भरपूर, भाषा रांगडी, कारण ते कथा सांगणाऱ्यांच्या परंपरेतून आलेलं, सामान्य वाचकासाठी काढलेलं पुस्तक होतं. म्हणजे मोठी कादंबरी छापून आलेली आपल्याला दिसते त्याच्या कितीतरी आधी लोक ही गोष्ट चित्रं बघत बघत वाचत होते. आता सांगा, 'खरी' कुठली?

मग येऊ शांघायला. १९२० च्या दशकात तिथे ल्येनह्वानह्वा नावाची छोटी चित्रपुस्तकं जोरात सुरू झाली, तळहातावर मावतील एवढी, आणि त्यांच्यासाठी सगळ्यात हक्काचा माल म्हणजे हीच जुनी महाकथानकं. तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच. १९३२ मध्ये यावरून वाद झाला, या असल्या चित्रपुस्तकांतून टॉल्स्टॉय किंवा फ्लोबेर निघणार नाहीत असं एका समीक्षकाचं म्हणणं होतं, त्यावर लू शूनने या प्रकाराची बाजू घेऊन लेख लिहिला आणि म्हटलं की यातून मायकेलअँजेलो आणि दा विंची निघू शकतात. लू शूनसारखा माणूस हे म्हणाला हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आधुनिक चिनी साहित्यातला एवढा मोठा लेखक, आणि तो या स्वस्तातल्या पुस्तकांसाठी उभा राहिला.

आणि मग १९५० च्या दशकात शांघायच्या पीपल्स फाइन आर्ट्स प्रकाशनाने 'थ्री किंग्डम्स'चा साठ भागांचा संच काढायला घेतला. साठ पुस्तकं, सात हजारांवर चित्रं, चित्रकारांची अख्खी टीम. हा संच नुसता चाळला तरी कळतं की यात किती जीव ओतलाय. एका पानावर एकच चित्र, खाली दोनचार ओळी, बास. फुगे नाहीत, ढिश्यांव ढिश्यांव नाही, सावल्यासुद्धा जवळपास नाहीत, नुसती काळी रेघ. पण त्या रेघेने चिलखताची एकेक पट्टी काढलेली, घोड्याच्या आयाळीचा केस न् केस, मागे वाड्याचं छप्पर, त्याच्या कडेचं नक्षीकाम. आणि एका पानावर एकच चित्र असल्यामुळे वाचायची लयच वेगळी होते, जपानी मांगा, म्हणजे तिकडचं कॉमिक, डोळा पळवत नेतो, इथे तुम्ही चित्रावर थांबता, खालच्या ओळी वाचता, परत वर बघता आणि मग पान उलटता. गवताच्या पेंढ्या बांधलेल्या होड्या धुक्यात शत्रूच्या तळाजवळ न्यायच्या, ढोल बडवायचे, शत्रू धुक्यात बाणांचा पाऊस पाडणार आणि ते बाण पेंढ्यांत रुतलेले घेऊन शूच्या बाजूचा चतुर सल्लागार झुगे ल्यांग आरामात परत, हा प्रसंग या लयीत वाचून बघा, शत्रू फसणार हे माहीत असूनसुद्धा पान उलटताना हात जरा थांबतो.

ही पुस्तकं सगळे विकत घेत नसत. रस्त्यावर भाड्याने वाचायचे स्टॉल असत, एकदोन फेन द्यायचे, बुटक्या स्टुलावर बसायचं आणि तिथेच वाचून परत करायचं. चीनमधल्या एका अख्ख्या पिढीला ग्वान यू, झांग फेई आणि ल्यू बेई, शूच्या बाजूचे हे तीन मानलेले भाऊ, भेटले ते या स्टुलांवर. १९६६ नंतर सांस्कृतिक क्रांतीत जुन्या राजेरजवाड्यांच्या गोष्टी बंदच पडल्या, सत्तरच्या दशकाच्या शेवटी पुन्हा छापायला लागल्या, ऐंशीच्या सुरुवातीला तर धो धो खपल्या, आणि मग टीव्ही आणि जपानी मांगा आल्यावर काही वर्षांतच बाजार बसला. आता जुन्या प्रती संग्राहकांच्या हातात आहेत, पुस्तकाचा कणा, कोपरे, आतला शिक्का असं सगळं तपासून घेतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण ही पुस्तकं मुळात हाताळून हाताळून मऊ होण्यासाठी केलेली होती हेही तितकंच खरं.

जपानमध्ये या गोष्टीचा चेहरा म्हणजे मांगा काढणारा मित्सुतेरू योकोयामा. १९७१ ते १९८७, सोळा वर्षं, आणि योगायोगाने इथेही साठच भाग. त्याने आधार घेतला एइजी योशिकावाच्या जपानी कादंबरीचा. सुरू केलं तेव्हा चीन आणि जपानचे राजनैतिक संबंधच नव्हते, ते १९७२ च्या सप्टेंबरात सुरळीत झाले, त्यामुळे हान काळातले कपडे, चिलखतं कशी होती याचे संदर्भ मिळणं अवघड होतं आणि सुरुवातीच्या भागांत ते दिसतंही. पण वाचकाला पकडायची ताकद बघा. चेहरे साधे, गोल, रेषा कमी, शाळकरी पोराला सुद्धा कोण कुठल्या बाजूचा ते चटकन कळावं. वेईचा सेनापती सीमा यी घाबरलेल्या सैन्याला सांगतो की थांबा, गडबडू नका, हा कोंगमिंगचा सापळा आहे, हा एक संवाद जपानी इंटरनेटवर इतका फिरलाय की ज्यांनी एकही भाग वाचला नाही तेसुद्धा तो वापरतात (कोंगमिंग म्हणजे झुगे ल्यांगच). कोबे हे योकोयामाचं जन्मगाव, तिथल्या शिन-नागाता भागात, जो १९९५ च्या भूकंपात होरपळला होता, आज बाजारपेठेत या सरदारांचे पुतळे उभे आहेत.

आता माझा खरा मुद्दा. शब्दांत लिहिताना लेखक थोडं अंधारात ठेवू शकतो, चित्रकाराला ती सोय नाही. त्साव त्साव, म्हणजे वेईचा पाया घालणारा सरदार, दारातून आत आला की त्याचा चेहरा काढावाच लागतो, आणि चेहरा काढला की बाजू घेतलीच. ल्यू बोशचा प्रसंग घ्या. पळून आलेल्या त्साव त्सावला हा वडिलांचा जुना मित्र आसरा देतो, रात्री सुऱ्या परजल्याचा आवाज येतो, त्साव त्साव संशयाने घरातल्या सगळ्यांना कापून काढतो आणि मग दिसतं की ते पाहुण्यासाठी डुक्कर कापणार होते. पुढे वाटेत दारू घेऊन येणारा म्हातारा भेटतो, त्यालाही मारतो. कादंबरी इथे त्याला ठाम खलनायक करून टाकते. पण पाचव्या शतकात पेई सोंगझीने जुन्या इतिहासग्रंथाला जी टिपणं जोडली त्यात या प्रसंगाच्या तीन वेगवेगळ्या हकिगती आहेत, एकीत त्याने स्वसंरक्षणासाठी मारलं, दुसरीत संशयाने, आणि तिसरीत भांड्यांचा आवाज ऐकून मारलं आणि मग खिन्न होऊन म्हणाला की त्यांनी माझा घात करण्यापेक्षा मी त्यांचा केलेला बरा. खिन्न होऊन! तो एक शब्द चेहऱ्यावर आणायचा की नाही, यावर वाचक पुढची कित्येक पानं त्या माणसाचं काय करणार ते ठरतं.

म्हणूनच १९९४ ते २००५ मध्ये आलेलं 'सोतेन कोरो' हे जपानी कॉमिक एवढं गाजलं, ली हाक-इनचं कथानक आणि किंग गोंताची चित्रं, ३६ भाग, आणि नायक थेट त्साव त्साव. ली हाक-इन १९९८ मध्ये गेला, पुढचं गोंताने एकट्याने ओढलं. कोरियात को वू-यंगने १९७८ पासून वर्तमानपत्रात आपली आवृत्ती काढली, पुस्तक झालं तेव्हा सेन्सॉरने बरीच पानं कापली, ती पानं परत मिळायला २००२ साल उजाडावं लागलं. हाँगकाँगच्या चान मोउचं २००१ पासूनचं 'रॅव्हेजेस ऑफ टाइम' तर तरुण सीमा यीला मध्यभागी ठेवतं, त्याचे डाव इतके गुंतागुंतीचे की वाचक कादंबरी आणि इतिहास दोन्ही शेजारी उघडून बसतात, कोण कुणाला फसवतोय याच्या थिअऱ्या मांडतात. ज्यांना कॉमिकवाले मूळ वाचत नाहीत असं वाटतं त्यांनी या वाचकांशी पाच मिनिटं बोलावं.

तक्रार करायची तर एकच, बायका. द्याओचान आणि सुन घराण्यातली राजकन्या सोडली तर बहुतेक आवृत्त्यांमध्ये बायकांच्या वाट्याला रडणं आणि विहिरीत उडी मारणं एवढंच येतं. ते मूळ कादंबरीतूनच आलंय हे मान्य, पण सोळा सोळा वर्षं काढणाऱ्यांना यात भर घालायला वाव होता.

सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी बिनधास्त योकोयामा सांगते. फक्त एक लक्षात ठेवा, २०० सालची ग्वानदूची लढाई, जिच्यात त्साव त्सावने आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या युआन शाओला लोळवलं आणि उत्तर चीनचं पारडं फिरलं, ती त्याच्यात जवळपास नाहीच, गोष्ट तिच्यावरून उडी मारून पुढे जाते. ती लढाई वाचायची असेल तर तेवढ्यापुरतं 'सोतेन कोरो' हातात घ्या, आणि मग योकोयामाकडे परत येऊन पुढच्या मोठ्या, लाल कड्याच्या लढाईपर्यंत न थांबता वाचा.