टक्सीडोची काटेगळ थांबली!

मागच्या अपडेटमध्ये सांगितलं होतं की माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला टक्सीडो अर्चिन (काटेरी गोल समुद्री प्राणी) रोज काटे टाकतोय आणि पाण्याचे आकडे मात्र निर्दोष आहेत. कारण सापडलंय, आणि ते एकाही टेस्ट किटमध्ये दिसणारं नव्हतं.

जे तपासून बाद केलं ते थोडक्यात. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) 8.5 डीकेएच, कॅल्शियम 430, मॅग्नेशियम 1350, नायट्रेट 10 च्या आत. पहिला संशय तांब्यावर होता, कारण अर्चिनला ते अगदी थोडंही सोसत नाही. कार्बन चालवला, तांबं शोषणारं रेझिन चालवलं, तरी गळ सुरूच. उपासमारही नव्हती. नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा फस्त होत होता आणि काचेवरच्या कोरालाइनवर (कडक गुलाबी शेवाळावर) पाच दातांच्या ताज्या चांदण्या उमटत होत्या.

धागा सापडला तो टाकीतल्या दुसऱ्या अर्चिनमुळे, एकिनोमेट्रामुळे. पाणी तेच, पण खडकामागे राहणारा हा गडी ठणठणीत. टक्सीडोचे गळलेले काटे मात्र नेहमी सकाळी आणि नेहमी रिटर्नच्या (खालच्या सम्पमधून, म्हणजे फिल्टरच्या टाकीतून, पाणी परत आणणाऱ्या नळीच्या) तोंडाखाली मिळायचे. रात्री तो तिथलीच काच चरतो. म्हणून कंडक्टिव्हिटी प्रोब (विद्युतवाहकतेवरून खारटपणा सतत मोजणारा) त्या तोंडाशी लटकवून रात्रभर नोंद चालू ठेवली. सकाळी आलेखात खड्डा! खारटपणा 35 पीपीटीवरून (हजार भागांत 35 भाग मीठ) 32 वर आणि थोड्याच वेळात परत 35. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं हातातलं यंत्र) एका थेंबाचा, एका क्षणाचा आकडा देतो, त्यात हे सापडणं अवघडच. अर्चिन पाळणाऱ्यांनी लाइटवर आणखी खर्च करण्याआधी हा प्रोब घ्यावा, असं माझं ठाम मत झालंय.

झालं असं: एक गोगलगाय रात्री सम्पमध्ये एटीओच्या (उडालेलं पाणी आपोआप भरून काढणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवर बसते. कंट्रोलरला वाटतं पातळी भरलेली आहे. बाष्पीभवन साचत जातं. सकाळी ती सरकली की भरायचं राहिलेलं 2 लिटर आरओ-डीआय (क्षार काढलेलं गोडं) पाणी एका दमात पडतं, तेही रिटर्न पंपाच्या तोंडाशीच. अख्ख्या टाकीत मिसळल्यावर तो फरक पाव पीपीटीही नाही, पण मिसळण्याआधीच तो लोट रिटर्नमधून टक्सीडोच्या अंगावर. अर्चिनला अंगातलं मीठ राखता येत नाही. बाहेरचं पाणी बदललं की आतलं बदलतं, आणि त्याचे नलिकापाद (चिकटून चालायचे नळीसारखे पाय) तर त्या पाण्याच्याच दाबावर चालतात.

एटीओची नळी आता सम्पच्या पहिल्या कप्प्यात, स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) आधी नेली. तोंड पाण्याच्या वर ठेवलंय, म्हणजे सम्पचं पाणी नळीतून उलटं ओढलं जाणार नाही. स्क्रू-क्लॅम्प आवळून धार बारीक केली आणि सेन्सरभोवती जाळी लावली. आलेख सपाट, गळ बंद.

काल टॉर्चच्या उजेडात बघितलं तर निळ्या मखमली पट्ट्यांच्या कडेला, उघड्या पडलेल्या गाठींवर नव्या काट्यांचे फिकट खुंट उगवलेत! मला त्याहून मोठा आनंद वेगळ्याच गोष्टीचा झाला. एरवी हा सापडेल ते डोक्यावर घेऊन फिरतो, पण आजारपणात त्याने काहीही घेणं सोडलं होतं. आज शिंपल्याचा तुकडा आणि माझा झोअँथिडचा (एका प्रवाळासारख्या जीवाचा) फ्रॅग, म्हणजे छोटा तुकडा, दोन्ही घेऊन फिरतोय. फ्रॅग दगडाला नुसता टेकवून ठेवला होता, आता एपॉक्सीने बसवेन. जेल ग्लू त्याच्यापुढे टिकत नाही.

नवीन अर्चिन घेणाऱ्यांना एक सांगणं: दुकानात तो काचेला घट्ट चिकटलेला आहे का आणि नलिकापाद लांब काढतोय का, ते बघा. विकणारा त्याला ओढून हवेत धरत असेल तर परत फिरा.

पुढचा बेत डायडेमा (लांब काट्यांचा अर्चिन) आणण्याचा होता, पण लिहिता लिहिता विचार बदलला. टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याची भर) आता इतका हळू जातोय तर त्यातूनच रात्री पीएच वाढवणारं काल्कवासर (चुन्याची निवळी) का देऊ नये? माझा पीएच दिवसा 8.2 असतो आणि पहाटे 7.85 वर येतो. अर्चिनचं कवच मॅग्नेशियम जास्त असलेल्या कॅल्साइटचं, म्हणजे विरघळायला सोपं, त्यामुळे पहाटेचा हा उतार कमी झालेला बराच. मात्र काल्क सेन्सरच्या भरवशावर सोडायचं नाही. गोगलगायीने पुन्हा तोच खेळ केला तर साचलेला डोस एकदम पडेल. त्यापेक्षा डोसिंग पंप टायमरवर चालवायचा, सेन्सर फक्त पातळी वाढली तर पंप बंद करायला. सुरुवात लिटरला 0.7 ग्रॅमने, संपृक्त द्रावणाच्या साधारण निम्म्या ताकदीने करतोय. काल्कमुळे अल्कलिनिटी 9 च्या वर सरकली तर टू-पार्टचा (कॅल्शियम आणि अल्कलिनिटीच्या दोन द्रावणांचा) डोस तेवढा कमी करेन. डायडेमा त्यानंतर.