चालतानाच गळणारी होडी: माझा अनुभव

होडीत पाणी सापडलं की आधी चव घ्या. बोट बुडवून जिभेला लावायचं. खारट लागलं तर समुद्राचं, गोडं लागलं तर पावसाचं, दवाचं किंवा धुण्याचं. आमच्या होडीतलं पाणी पहिल्या दिवसापासून खारटच होतं, आणि तरी ते कुठून शिरतं हे कळायला डिसेंबर ते मे गेला. त्यातले पाच आठवडे तर अक्षरशः फुकट गेले. त्यांचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

होडी पंधरा फुटी, फायबरची, सेकंडहँड. एक डोलकाठी, दोन शिडं. आम्ही राहतो पुण्यात, होडी असते रेवदंड्याच्या खाडीत. शनिवारी पहाटे निघायचं, भरतीच्या अलीकडे-पलीकडे जे दोन-तीन तास पाणी मिळतं त्यात होडी लोटायची, दुपारी वायव्येचा वारा धरला की कोर्लईच्या किल्ल्याच्या दिशेने टॅक घेत, म्हणजे वारा एकदा उजव्या, एकदा डाव्या अंगावर घेत नागमोडी, जायचं. सुकाणू माझ्याकडे, पुढचं शीड मुलीकडे. ती नववीत आहे.

या होडीला तळाचे दोन थर आहेत. एक बाहेरचा, आणि दुसरा आपण ज्यावर पाय ठेवतो तो. मधली पोकळी बंद, हवेची. होडी उलटली तर याच हवेवर ती तरंगते आणि पुन्हा सरळ करता येते. नेमकं त्याच पोकळीत पाणी येत होतं. दोन तास फिरून आलो की मागचं बूच काढायचं आणि बादलीत मोजायचं: १० लिटर, १२ लिटर, एकदा १४. बारा लिटर म्हणजे बारा किलो, आणि ते एका जागी बसत नाहीत. वाऱ्याचा झोत आला, होडी कलली की सगळं पाणी त्याच कलत्या बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. पुढे मुलगी बसलेली असते. ‘चालायचंच’ असं मला म्हणता येत नव्हतं.

बंदरावर मात्र प्रत्येकाने तेच सांगितलं. पाण्यातली होडी आहे, थोडं पाणी येणारच. लाकडी होडीचं ठीक आहे, तिच्या फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि सांधे आपोआप आवळले जातात. फायबर फुगत नाही. त्याला भेग गेली की ती भेगच राहते, आणि वाढते.

पाणी मागे सापडायचं म्हणून सुरुवातीला मी मागेच शोधत बसलो. सुकाणूच्या बिजागऱ्यांचे बोल्ट काढले, नवीन सीलंट भरून बसवले. उपयोग शून्य. होडी मागे जराशी बसते, त्यामुळे पाणी कुठूनही आलं तरी मागेच जमतं. सापडण्याची जागा आणि शिरण्याची जागा यांचा काही संबंध नसतो.

मग वर्कशॉप. नाव घेत नाही. फायबरचंच काम करणारी माणसं, हात चांगला, म्हणून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होडी तिथे टाकली. जाताना वही दाखवली, कधी किती पाणी आलं ते. मालकांनी ती बघितलीही नाही. म्हणाले, “साहेब, टेन्शन घेऊ नका, पंधरा दिवसांत देतो.” पंधरा दिवसांनी फोन केला तर रेझिन आलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात माणूस गावी गेला होता. त्यापुढच्या शनिवारी मी स्वतः गेलो, तर होडी होती तिथेच, तशीच, वर दुसऱ्या कुणाच्या होडीचं सामान ठेवलेलं. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे शिडाचे सोन्यासारखे दिवस. निरभ्र आकाश, दुपारी भरवशाचा वारा. ते मी फोन करण्यात घालवले. पाचव्या आठवड्यात होडी मिळाली. तळ पांढराशुभ्र, चकाचक. मी विचारलं, “गळती कुठे होती?” उत्तर आलं, “सगळीकडून दोन कोट मारलेत साहेब, आता थेंब येणार नाही.”

म्हणजे शोधलंच नव्हतं. पैसे पूर्ण घेतले. पुढच्या शनिवारी ११ लिटर.

तुम्हाला कुणी ‘सगळीकडून कोट मारतो’ म्हणालं तर होडी देऊ नका. आधी गळती दाखवा म्हणावं, मग झाकू द्या. नव्या रंगाखाली जुनी भेग शोधणं दुप्पट अवघड होतं, हे मी भोगलंय.

त्यानंतर ठरवलं की आता दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. तळाच्या आतल्या थराला भोक पाडून सहा इंची फिरकीचं झाकण बसवलं, म्हणजे आत हात जातो आणि स्पंजाने शेवटचा थेंबही टिपता येतो. (झाकणाच्या रबरी रिंगला व्हॅसलीन लावत जा, नाहीतर तेच नवीन गळतीचं ठिकाण होतं.) वहीत वारा, वेळ आणि लिटर असे रकाने केले. दोन शनिवार-रविवारांतच चित्र दिसायला लागलं. नांगरावर रात्रभर उभी होती तेव्हा काही नाही. वारा पाठीवर घेऊन परत आलो तेव्हा जेमतेम तांब्याभर. वाऱ्याच्या तोंडावर तिरकी चालवली तेव्हा मात्र १२, १३.

मला वाटलं, सुटलं कोडं. तिरकी चालते तेव्हा होडी कलते, कलली की वरची कड पाण्यात जाते, म्हणजे डेक आणि तळ जोडलेला सांधा गळतोय. कडेची रबरी पट्टी काढली, साठ-सत्तर रिव्हेट ड्रिलने उडवले, सांधा साफ करून सीलंट भरलं, पुन्हा रिव्हेट मारले. तीन दिवस, सुट्टी काढून. त्या शनिवारी १२ लिटर.

तेव्हा खरोखर होडी विकावीशी वाटली. त्या रविवारी धक्क्याला बांधून दोन मित्रांना एका कडेवर बसवलं, कड पाण्यात जाईपर्यंत होडी कलवली आणि अर्धा तास तशीच ठेवली. मग दुसऱ्या कडेवर अर्धा तास. झाकण उघडलं, आत कोरडं ठणठणीत. म्हणजे कलण्याचा काही संबंध नव्हता. ही परीक्षा रिव्हेट उडवण्याच्या आधी करायला हवी होती. तीन दिवस वाचले असते.

उभी असताना गळत नाही, नुसती कलवून गळत नाही, चालताना गळते. मग चालताना वेगळं काय होतं? यावर मी गाडीत बडबडत असताना मुलगी म्हणाली, “बाबा, वाऱ्याच्या तोंडावर जाताना सेंटरबोर्ड पेटीत टकटक आपटतो. माझ्या पायाला लागतं.”

ती पेटीला टेकूनच बसते. हे तिने डिसेंबरातही एकदा सांगितलं होतं, मी लक्ष दिलं नव्हतं.

शिडाची होडी वाऱ्याने आडवी ढकलली जाऊ नये म्हणून तळातून खाली सोडलेली फळी म्हणजे सेंटरबोर्ड. तिरकी चालताना वाऱ्याचा सगळा आडवा जोर तीच झेलते, आणि तो जोर ती ज्या पेटीतून उतरते त्या पेटीवर येतो. पाठीवर वारा असताना आम्ही फळी वर ओढून घेतो. वहीतला प्रत्येक आकडा याला जुळत होता.

आता ते सिद्ध करायचं होतं. एका जास्तीच्या झाकणाला दोन भोकं पाडली. एकात फिश टँकची नळी, फुंकायला. दुसऱ्यात गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी, U आकारात एका फळीवर पट्टीशेजारी चिकटवलेली, आत लाल रंगाचं पाणी. होडी वाळूत जुन्या टायरांवर आडवी केली, फळी तळातून पूर्ण बाहेर सोडली आणि तोंडाने फुंकून दोन बाजूंच्या पाण्यात १०० मिलिमीटरचा फरक आणला. कॉम्प्रेसर लावू नका, सायकलचा पंपही नको. आमच्या आतल्या थराचं क्षेत्रफळ साधारण दोन चौरस मीटर आहे, म्हणजे १०० मिलिमीटरलाच त्यावर आतून दोनशे किलोचा जोर येतो. त्याहून जास्त झाला तर सांधा उकलू शकतो. आणि हे सगळं सूर्य वर यायच्या आत करा. आतली हवा एक अंशाने तापली तरी नळीतला फरक तीसेक मिलिमीटरने वाढू शकतो, मग गळती असूनही पाणी उतरताना दिसत नाही. पहिल्या दिवशी मी नऊ वाजता बसलो आणि हाच घोळ झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला. १०० वर आणलं. एक मिनिट, दोन मिनिटं, पाणी जागचं हललं नाही. मग मुलीने फळीचं टोक धरून वर उचलल्यासारखा जोर दिला. काही नाही. “आता खाली दाब,” म्हटलं. तिने दाबलं आणि नळीतलं लाल पाणी सरसर उतरलं. ९०, ७०, ६०. “सोड!” सोडलं, तिथेच थांबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा उतरलं. आम्ही ते पाच-सहा वेळा केलं, गरज नसताना. पाच महिने जे पाणी मला दिसत नव्हतं ते कुठून येतंय हे त्या नळीत दिसत होतं, आणि मला दुसरं काही करायचं नव्हतं.

बाटल्या धुण्याच्या लांब ब्रशाने पेटीच्या फटीत साबणाचा फेस लावला. पेटी जिथे तळाला मिळते तिथे, मागच्या टोकाला, उजव्या बाजूला बुडबुडे आले. अकरा सेंटिमीटरची केसासारखी भेग. जोर एका बाजूने आला की उघडते, नाहीतर मिटलेली. वर्कशॉपचा ब्रश पेटीच्या आत गेलाच नव्हता.

वहीत कुठल्या टॅकवर किती वेळ चाललो हा रकाना असता तर बाजूसुद्धा आधीच कळली असती. तुम्ही तो ठेवा.

दुरुस्ती त्या मानाने सरळ होती. गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढलं, भेग ग्राइंडरने V आकारात उघडली, आत ६० वॅटचा बल्ब सोडून आठ दिवस वाळवलं. बाहेरून फटीतून आणि आतून झाकणातून हात घालून काचेच्या धाग्याच्या टेपचे तीन-तीन थर इपॉक्सीत बसवले. इपॉक्सी होडीच्या जुन्या पॉलिस्टर रेझिनला चांगली धरते, पण इपॉक्सीवर पॉलिस्टर किंवा जेलकोट (फायबरवरचा चकचकीत वरचा थर) नीट धरत नाही. म्हणून वरून फक्त रंग. पेटी आणि फळी यांच्यात दोन्हीकडे सहा-सात मिलिमीटर मोकळं होतं, म्हणूनच आपटत होती. फळीच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी नायलॉनच्या पट्ट्या स्टेनलेसच्या स्क्रूने बसवल्या. टकटक बंद.

एक राहिलंच. उन्हात तापलेली होडी झाकण बंद ठेवून पाण्यात लोटू नका. ३०० लिटर हवा ५५ अंशांवरून २८ वर आली की जवळजवळ २५ लिटरने आक्रसते, आणि बारीकशी भेग असली तरी तिथून पाणी आत ओढून घेते. लोटण्याआधी पाच मिनिटं झाकण उघडा, होडी पाण्याला लागून आतली हवा निवली की मग बंद करा.

मे संपला, होडी झाप घालून शाकारली, पाऊस गेला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी कोर्लईपर्यंत दोनदा तिरके गेलो, चांगल्या वाऱ्यात, अडीच तास. परत येऊन झाकण काढलं, स्पंज फिरवला, पिळला. कपभर पाणी निघालं. मुलीने माझ्या आधी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

“गोडं आहे, बाबा.”

आदल्या संध्याकाळी मीच झाकण उघडून आतून होडी धुतली होती.