प्राग सोडून: मिरोस्लाव कादलेत्सच्या गावांमधून

झेकियाला जाणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी प्रागचा पूल, किल्ला आणि फार तर कार्लोवी वारीचे गरम पाण्याचे झरे पाहून परततात. मला जिथे जायचं होतं ती गावं प्रागपासून लांब, पूर्वेला मोरावियात होती. १९९६च्या युरो फुटबॉल स्पर्धेत झेक संघाचा कर्णधार असलेला बचावपटू मिरोस्लाव कादलेत्स तिथलाच. स्पार्टा आणि स्लाव्हिया हे प्रागचे दोन बडे क्लब, पण तो त्यांपैकी एकाकडूनही खेळला नाही. त्याची सगळी कारकीर्द लहान गावांत आणि कारखान्यांच्या शहरांत गेली, आणि त्याचा खेळ समजून घ्यायचा तर तीच गावं पाहायला हवीत असं मला वाटत होतं.

तो लिबेरो होता. आता ही जागाच फुटबॉलमधून जवळजवळ गेली आहे. बाकीचे बचावपटू समोरच्या एकेका आक्रमकाला चिकटून असायचे. लिबेरोला स्वतःचा असा माणूस नसायचा. तो सगळ्यांच्या मागे उभा राहून कुठे भगदाड पडतंय ते आधी ओळखायचा, ते बुजवायचा आणि तिथूनच चेंडू पुढे काढून द्यायचा. वेगापेक्षा नजर लागणारं हे काम.

पहिला मुक्काम उहेर्स्के ह्रादिश्त्ये. १९६४ साली कादलेत्स इथे जन्मला. रेल्वेचं मोठं स्टेशन शेजारच्या स्तारे मेस्तोला आहे. तिथून मोरावा नदी ओलांडली की गाव. १२५७ साली राजा प्रेमिस्ल ओताकार दुसरा याने ते वसवलं. मी सप्टेंबरात गेलो होतो, म्हणून बुरचाक मिळाली. नुकती आंबू लागलेली ही गढूळ, गोडसर द्राक्षांची वाइन त्या थोड्याच आठवड्यांत मिळते. आजूबाजूला द्राक्षमळे, चौकात सणाची लगबग. इथला आजचा क्लब स्लोवात्स्को. त्याने २०२२ साली अंतिम सामन्यात स्पार्टाला हरवून झेक चषक जिंकला. कादलेत्सचा मुलगा मिखाल याच क्लबमधून वर आला. तोही बचावपटूच. २०१२च्या युरोत पोलंडविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी गोलरेषेवरून डोक्याने चेंडू बाहेर काढला तो यानेच.

तिथून उत्तरेला ओस्त्रावा, आणि त्यातला वितकोवित्से हा भाग. इथे मी ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त रमलो. शहराच्या मधोमध पोलाद कारखान्याच्या जुन्या झोतभट्ट्या उभ्या आहेत, गंजून तांबूस झालेल्या. १९९८ साली इथलं लोखंड वितळवणं थांबलं. पण कोणी हे पाडून मॉल बांधला नाही! वायूच्या जुन्या टाकीचं सभागृह केलंय आणि एका भट्टीच्या डोक्यावर मनोरा चढवलाय, त्यावरून सगळं शहर दिसतं. मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं ते पाहिलेल्या माणसाला इथून लवकर हलवत नाही.

या कारखान्याचा फुटबॉल संघ १९८६ साली चेकोस्लोव्हाकियाचा विजेता झाला, एकदाच. पुढच्या मोसमात युरोपियन चषकात त्यांनी आधी पॅरिस सें-जर्मेंला बाहेर काढलं, मग ते पोर्तोकडून हरले; तो चषक शेवटी पोर्तोनेच जिंकला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात कादलेत्स या संघाचा बचाव सांभाळत होता आणि इथूनच १९९०च्या विश्वचषकात पोचला. आज त्याच मैदानावर बानिक ओस्त्रावा, म्हणजे एकेकाळचा शहरातला प्रतिस्पर्धी, खेळतो.

परतताना विश्कोव्हजवळच्या द्रनोवित्सेला उतरलो. वस्ती दोन हजारांच्या थोडी वर, आणि स्टेडियम अख्खं गाव बसवून वर कितीतरी जागा उरेल एवढं. नव्वदच्या दशकात हे खेडं देशाच्या पहिल्या श्रेणीत खेळत होतं. नंतर पैसा संपला, क्लब बुडाला, स्टॅंड राहिले.

मग जर्मनी. मानहाइमला गाडी बदलून कायझर्सलाउटर्नला उतरलं की बेत्सेनबर्ग टेकडी समोरच दिसते आणि तिच्या माथ्यावर फ्रिट्झ वाल्टर स्टेडियम. रस्ता चढणीचा, दम लागतो. जेमतेम लाखभर वस्तीचं हे शहर, आणि स्टेडियम जवळपास पन्नास हजारांचं. १९९०च्या उन्हाळ्यात कादलेत्स इथे आला आणि पहिल्याच मोसमात इथला संघ बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची पहिली श्रेणी, जिंकला.

पण खरी गोष्ट १९९६ची. त्या मे महिन्यात क्लब इतिहासात पहिल्यांदाच बुंडेसलिगातून खाली घसरला. आठवडाभरातच त्याच संघाने बर्लिनला कार्ल्सरूहेला १-० हरवून जर्मन चषक उचलला. आणि जूनमध्ये कादलेत्स झेक संघ घेऊन इंग्लंडला गेला. पहिला सामना जर्मनीकडून ०-२ हरला. नंतर इटली आणि पोर्तुगालला हरवलं. ओल्ड ट्रॅफर्डवरच्या उपांत्य सामन्यात झेक संघाचे सुखोपारेक, बेय्ब्ल, कुका आणि लाताल चौघेही निलंबित. तरी फ्रान्सला गोल करता आला नाही. ०-०. पेनल्टींमध्ये दोन्हीकडच्या पहिल्या पाचही आत गेल्या. फ्रान्सची सहावी, पेद्रोसची, झेक गोलरक्षक कोउबाने अडवली. मग कर्णधार स्वतः पुढे आला आणि ६-५. ज्याने आयुष्यभर गोल अडवले त्याने ही पेनल्टी घ्यावी, हे मला त्या स्पर्धेतलं सगळ्यात मोठं दृश्य वाटतं. त्याचा सहकारी पोबोर्स्कीचा पोर्तुगालविरुद्धचा गोल सुंदर होता, मान्य. पण माझं मत बदलत नाही. अंतिम सामन्यात बिअरहॉफच्या गोल्डन गोलने, म्हणजे जादा वेळेत पडताच सामना संपवणाऱ्या गोलने, जर्मनी जिंकली.

एवढ्या स्पर्धेनंतर कर्णधार दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबकडे परतला. प्रशिक्षक ओटो रेहागेलच्या हाताखाली संघ एका वर्षात वर आला आणि १९९८ साली थेट बुंडेसलिगा विजेता झाला. नुकत्याच वर चढलेल्या संघाने असं करणं बुंडेसलिगात त्याआधी झालं नव्हतं, नंतरही झालेलं नाही. २ मे १९९८ रोजी याच टेकडीवर वोल्फ्सबर्गला ४-० हरवून विजेतेपद पक्कं झालं.

त्याच उन्हाळ्यात कादलेत्स जर्मनी सोडून मायदेशी गेला, द्रनोवित्सेकडून खेळायला.