एट माईल रोड आणि एमिनेमचे यश

अमेरिकेतील डेट्रॉइट शहराची उत्तरेकडील हद्द म्हणजे एट माईल रोड. इथली बहुतेक मराठी कुटुंबे त्याच्या पलीकडच्या उपनगरांत राहतात आणि दक्षिणेला, जिथे प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती आहे, कामाशिवाय फारशी फिरकत नाहीत. या रस्त्याजवळ १९४१ साली बांधलेली, सुमारे सहा फूट उंचीची आणि अर्धा मैल लांबीची भिंत आजही उभी आहे. शेजारी कृष्णवर्णीय राहतात एवढ्याच कारणावरून गोऱ्यांच्या नव्या घरांच्या कर्जाला सरकारी हमी मिळेना, म्हणून बिल्डरने ती मध्ये घातली. रॅपर एमिनेमच्या यशाचा विचार या भिंतीला वगळून करता येईल, असे मला वाटत नाही.

मार्शल मॅथर्स, म्हणजेच एमिनेम, गोरा असूनही रस्त्याच्या दक्षिणेला, ड्रेस्डेन स्ट्रीटवर वाढला. वडील लहानपणीच सोडून गेलेले, आईचे बिऱ्हाड सतत हलणारे. नववीत तीनदा अडकल्यावर सतराव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि पुढे तो हॉटेलात स्वयंपाकी झाला. हिप हॉप शॉप नावाच्या कपड्यांच्या दुकानात शनिवारी रॅपचे सामने रंगत. तेथील कृष्णवर्णीय श्रोत्यांपुढे त्याला उभे केले ते प्रूफ या कृष्णवर्णीय मित्राने. १९९० साली गाजलेल्या व्हॅनिला आइस या गोऱ्या रॅपरच्या खडतर बालपणाच्या कथा बनावट निघाल्यापासून गोऱ्या रॅपरकडे संशयानेच पाहिले जाई, त्यामुळे एमिनेमची कहाणी खरी असणे ही त्याच्या प्रवेशाची अटच होती.

प्रवेशानंतरचे गणित मात्र वर्णाचे होते. २००० सालच्या त्याच्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात १७ लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि आपण कृष्णवर्णीय असतो तर खप निम्मा झाला असता, हे त्याने स्वतःच २००२ सालच्या एका गाण्यात सांगितले. त्याच्या प्रतिभेबद्दल आणि मेहनतीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु गोऱ्या मुलाचे दारिद्र्य उपनगरांतील श्रोत्यांना हेलावणारी कहाणी वाटते आणि त्याच गल्लीतील कृष्णवर्णीय मुलाचे दारिद्र्य नेहमीचेच वाटते, हा अन्याय मला अस्वस्थ करतो. प्रूफ त्याच शहरात, तेच सामने गाजवत मोठा झाला. २००६ साली, वयाच्या ३२व्या वर्षी, एका क्लबमधील गोळीबारात तो मारला गेला, तोवर डेट्रॉइटबाहेरच्या बहुतेक लोकांना तो एमिनेमचा मित्र म्हणूनच ठाऊक होता.