एररमध्ये नाव एकाचं, मेमरी खाणारा दुसराच

नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला की नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षवाल्यांची झोप उडते. ऑक्टोबरात गोडी छाटणी झालेल्या बागा तेव्हा फुलोऱ्याच्या आसपास असतात. पानांवर ओल टिकली की डाऊनी हा रोग थेट घडावर उतरतो. कोणतं औषध मारायचं, किती प्रमाणात, काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं, हे सगळं सकाळच्या सकाळी ठरवावं लागतं. माझ्या एका ग्राहकाची साइट नेमकी याच कामाची आहे. निफाडकडचे एक जुने बागाईतदार ती चालवतात, आम्ही त्यांना काका म्हणतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्यामुळे भारतातली द्राक्षं युरोपात अडकली होती, तेव्हापासून औषधांच्या तक्त्याचं त्यांनी जणू व्रतच घेतलं आहे.

त्या सकाळी काकांचा फोन आला. "ताई, साइट बसली. पोरं फोनवर फोन करतायत, तक्ता उघडत नाही म्हणतायत."

माझं ऑफिस नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला. रस्त्यावर पाणी साचलं होतं, म्हणून घरूनच लॅपटॉप उघडला. मुखपृष्ठावर, साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसची गंभीर एररची पाटी. तक्त्याच्या पानावर तेच. एखादा जुना लेख मात्र उघडत होता. साइट अशी अर्धी चालू, अर्धी बंद असली की माझा पहिला संशय मेमरीवर जातो.

२०१९ मध्ये ५.२ आवृत्ती आल्यापासून वर्डप्रेस अशा वेळी मालकाला मेल पाठवतं आणि कोणत्या प्लगइनमध्ये (साइटला जोडलेल्या जादा प्रोग्राममध्ये) घोटाळा झाला त्याचं नाव देतं. काकांना तो मेल आला होता. त्यात संबंधित लेख दाखवणाऱ्या प्लगइनचं नाव होतं. काकांच्या पुतण्याने मेल वाचून लगेच तो प्लगइन बंद केला होता, तरी पाटी जागच्या जागी.

मी डीबग लॉग, म्हणजे चुका टिपणारी नोंदवही, चालू केला. ओळी भराभर पडू लागल्या: परवानगी असलेले १३४२१७७२८ बाइट संपले, आणखी २०४८० बाइट हवे होते. पहिला आकडा म्हणजे बरोबर १२८ एमबी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची नेहमीची मर्यादा. दुसरा म्हणजे फक्त २० केबी. ओळीच्या शेवटी फाइलचं नाव असतं आणि माझी नजर तिथेच खिळली, कारण दर वेळी नाव वेगळं होतं. एकदा सरकते फोटो दाखवणाऱ्या स्लायडरची फाइल, एकदा फॉर्मच्या प्लगइनची, एकदा तर वर्डप्रेसची स्वतःची डेटाबेसची फाइल. गच्च भरलेल्या एसटीत शेवटी चढणाऱ्याला कंडक्टर खाली उतरवतो, म्हणून गर्दी त्याने केली असं होत नाही. ज्याच्या हातून शेवटचे २० केबी मागितले गेले त्याचं नाव लॉगमध्ये येतं. आधीचे १२८ एमबी कोणी अडवले, याबद्दल लॉग एक अक्षर सांगत नाही.

पुतण्या म्हणाला, "ताई, मर्यादा ५१२ करून टाका ना, सगळीकडे तेच सांगतात."

ते आधी कोणीतरी करूनही ठेवलं होतं. वर्डप्रेसच्या सेटिंगच्या कॉन्फिग फाइलमध्ये ५१२ ची ओळ होती, पण 'इथून पुढे बदल करू नका' या सूचनेच्या खाली, फाइलच्या अगदी शेवटी. त्या जागेपर्यंत वर्डप्रेस पूर्ण लोड झालेलं असतं आणि मर्यादा ठरून गेलेली असते, त्यामुळे ती ओळ असून नसल्यासारखी होती. मी ती वर सरकवली नाही, कारण हिशेब जमत नव्हता. मेमरीची मर्यादा साइटला नसते, एका वेळच्या एका विनंतीला, म्हणजे एक पान उघडण्याला असते. त्या सर्व्हरवर एकाच वेळी पीएचपीच्या १० प्रक्रिया चालतील, म्हणजे दहा विनंत्या हाताळता येतील अशी सोय होती. दहा गुणिले ५१२, म्हणजे ५ जीबी. सर्व्हरची मेमरी २ जीबी. पावसाच्या दिवशी गर्दीत खरोखरच दहाही प्रक्रिया फुगल्या असत्या तर सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्सने स्वतःला वाचवायला जी सर्वांत जड वाटते ती प्रक्रिया मारली असती, आणि ती बहुतेक वेळा मायएसक्यूएल, म्हणजे साइटचा डेटाबेस सांभाळणारी प्रक्रिया असते. मग तक्ताच काय, जुना लेखही उघडला नसता. 'आकडा वाढवा' हा सल्ला जो तो देतो, पण सर्व्हरची मेमरी किती आणि प्रक्रिया किती हे कोणी विचारत नाही, याचा मला मनापासून त्रास होतो.

तात्पुरतं म्हणून मर्यादा २५६ केली आणि प्रक्रिया १० वरून ५ वर आणल्या. म्हणजे जास्तीत जास्त १२८० एमबी, बाकीची मेमरी डेटाबेसला. साइट सावकाश, पण उघडू लागली. काकांना सांगितलं, "तक्ता चालू आहे, लोकांना थोडं थांबायला सांगा."

मग खऱ्या शोधाला लागले. क्वेरी मॉनिटर हा मेमरी मोजून दाखवणारा प्लगइन टाकून एकेक पान तपासलं. मुखपृष्ठ जड असणारच, पण संपर्काचं पान, ज्यावर पत्ता आणि एक फोन नंबर यापलीकडे काही नाही, तेही शंभर एमबीच्या वर जात होतं. म्हणजे खाणारा कोणत्या एका पानावर नव्हता, प्रत्येक पानाआधी हजर होता. प्रत्येक पानाआधी वर्डप्रेस एक गोष्ट न चुकता करतं: सेटिंग साठवणाऱ्या ऑप्शन्सच्या टेबलातल्या 'ऑटोलोड' खूण असलेल्या सगळ्या नोंदी एका दमात उचलतं. त्या नोंदी आकाराप्रमाणे उतरत्या क्रमाने लावल्या. दुसऱ्या क्रमांकापासून खाली सगळं केबीत होतं. पहिली नोंद एकटीच १२ एमबीच्या वर.

ती हवामानाच्या प्लगइनची होती. लॉगमध्ये त्याचं नाव एकदाही आलं नव्हतं. एखाद्याने आपल्या गावाचा अंदाज पाहिला की हा प्लगइन गाव, वेळ आणि आलेलं सगळं उत्तर एकाच नोंदीला जोडत जायचा, जुनं काही काढायचा नाही. शिवाय प्रत्येक पानावर ती नोंद उलगडून वाचायचा. मजकुराच्या रूपातले १२ एमबी पीएचपीच्या यादीत, म्हणजे अॅरेत उलगडले की कित्येक पट जागा घेतात. पाऊस आला, रातोरात शेकडो लोकांनी आपापल्या गावाचा अंदाज पाहिला, नोंद फुगली आणि नेमक्या गरजेच्या सकाळी साइट १२८ च्या भिंतीला धडकली. म्हणजे जो पाऊस लोकांना साइटवर आणत होता तोच ती पाडत होता.

नोंद सरळ उडवायची तयारी होती, पण आधी काकांना विचारलं. ते म्हणाले, "थांबा ताई. कोणत्या गावात रात्री काय पाऊस होता ते त्यात आहे ना? ते मला हवंय." म्हणून सगळी नोंद आधी एका फाइलमध्ये उतरवून घेतली, गाव आणि वेळेप्रमाणे लावून त्यांना पाठवली. मग प्लगइन बंद केला, नोंदीची ऑटोलोडची खूण काढली. संपर्काचं पान चाळीसेक एमबीवर आलं. मर्यादा पुन्हा १२८, प्रक्रिया पुन्हा १०. दुपारपर्यंत फोन थांबले.

नंतर निवांतपणे बाकीचे प्लगइन पाहिले. एकूण ३१ होते. लोक मला नेहमी विचारतात, किती प्लगइन चालतात? संख्येत फारसं काही नसतं. नीट लिहिलेले तीस प्लगइन मिळूनही साइट हलकी राहते, आणि एकच असा निघतो की सगळ्यांच्या वाटचं खातो. तरी इथे फॉर्मचे तीन होते आणि शोधासाठीचे दोन एकमेकांची कामं पुन्हा करत होते, ते कमी केले. स्लायडर काकांना आवडतो, तो राहू दिला.

हवामान आता आम्ही साधं केलं आहे. गावाचा अंदाज तीन तासांसाठी जपला जातो, मुदत संपली की टाकून दिला जातो. मुदत असलेल्या अशा तात्पुरत्या नोंदी वर्डप्रेस ऑटोलोडमध्ये घेतच नाही. कोणती गावं आधी घ्यायची हे काकांनी त्या उतरवलेल्या फाइलवरूनच ठरवलं: पिंपळगाव बसवंत, उगाव, ओझर, मग दिंडोरीकडची वणी. ६.६ आवृत्तीपासून वर्डप्रेस ऑटोलोडचा बोजा ८०० केबीच्या वर गेला की साइट हेल्थ या तपासणीच्या पानावर इशारा देतं. तो इशारा काका उघडून बघतील याची खात्री नव्हती, म्हणून सर्व्हरवर रोज पहाटे तेच मोजणारी छोटी स्क्रिप्ट लावली आहे, आणि आकडा वाढला की तिचा मेसेज पुतण्याला आणि मला दोघांनाही येतो.